वजा केलेलं आभाळ

माझ्या बायकोला वाटतं की तिला माझं सगळं माहीत आहे. डॉक्टरांनी बंद केलेली साखर मी चहात चोरून घालतो हे तिला माहीत आहे, सासरेबुवांच्या तेराव्याला मी गर्दीला कंटाळून भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो होतो तेही माहीत आहे. पण ही एक गोष्ट तिला माहीत नाही. कुणालाच नाही. देवासमोर हात जोडून उभा राहिलो तरी मी या गोष्टीच्या आसपास घुटमळतो आणि काहीतरी भलतंच मागून परत येतो. आज तुम्हाला हे लिहून सांगायला बसलोय ते तुमची माझी ओळख नाही म्हणून. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघत मला हे बोलता येणार नाही.

मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. आता निवृत्त आहे. गावात मला अजूनही 'ब्लॅकहोलवाले सर' म्हणतात. कौतुकानं म्हणतात हो! परवा बाजारात एकाने मला हाक मारून आपल्या जावयाला दाखवलं — हेच ते. जावयाने वाकून नमस्कार केला. मी हसलो, आशीर्वाद दिला, आणि घरी येऊन न जेवता पडून राहिलो. बायकोने विचारलं तर पित्त झालंय म्हणून सांगितलं.

अठ्ठ्याण्णव साली मी पुण्याला पीएच.डी. करत होतो, कॉलेजातून रजा घेऊन. वय चाळिशीला टेकलेलं, बरोबरची पोरं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि दुप्पट हुशार. ती मला 'काका' म्हणायची. मला ते लागायचं. विषय होता दूरच्या काही दीर्घिकांचा — म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह — ज्यांच्या मधोमध एक प्रचंड कृष्णविवर बसलेलं असतं आणि सारखं काहीतरी गिळत असतं. आता कृष्णविवर स्वतः काही दिसत नाही. दिसते ती त्याच्याभोवतीची तबकडी. न्हाणीघरात बादली उपडी केली की पाणी मोरीच्या भोकात एकदम जात नाही, गोल गोल फिरत जातं, तसंच हे. वायू, धूळ, फाटलेले तारे, सगळं त्या विवराभोवती फिरत फिरत आत सरकतं, एकमेकांवर घासतं, तापतं, आणि इतकं तापतं की त्यातून क्ष-किरण निघतात. आत पडण्याआधीचा उजेड तो. आम्ही तोच मोजायचो.

कसा मोजायचो तेवढं ऐकून घ्या, कंटाळू नका. उपग्रहावरच्या दुर्बिणीने टिपलेलं सगळं आमच्याकडे टेपवर यायचं. कॉम्प्युटरवर त्याचं चित्र उमटलं की दीर्घिकेभोवती एक वर्तुळ काढायचं आणि त्यातला उजेड मोजायचा. पण तो निव्वळ दीर्घिकेचा नसतो. त्यात आभाळाचा थोडा असतो, यंत्राचा थोडा असतो. म्हणून शेजारी, जिथे काहीही नाही अशा जागी, तेवढंच दुसरं वर्तुळ काढायचं — रिकाम्या आभाळाचं. त्यातला उजेड पहिल्यातून वजा करायचा. उरला तो दीर्घिकेचा. एवढं साधं. पहिलीतल्या पोराची वजाबाकी.

माझ्या दीर्घिकेचा उजेड हलत होता. काही तासांत थोडा मंद, मग पुन्हा प्रखर, पुन्हा मंद, आणि तेही ठरावीक तालात. अशा दीर्घिकांचा उजेड तसा नेहमीच हलतो, पण वेडावाकडा. ताल नसतो त्याला. माझ्या आलेखात ताल होता! याचा अर्थ तबकडीच्या अगदी आतल्या काठाशी काहीतरी मोठं घिरट्या घालत होतं, आणि त्या घिरटीला किती वेळ लागतो ते कळलं की कृष्णविवराचं वजन काढता येतं. मी वजन काढलं. रत्नागिरीच्या एका मास्तराने, एसटीच्या लाल डब्यातून पुण्याला गेलेल्या काकाने, कृष्णविवर तोलून दाखवलं. गाईडनी पाठ थोपटली. बाहेरदेशीच्या नियतकालिकात निबंध छापून आला. पोरं मला 'सर' म्हणायला लागली.

गावी परत आलो तेव्हा स्टँडवर हार घेऊन माणसं उभी होती. वर्तमानपत्रात फोटो आला. मालगुंडच्या वाचनालयात व्याख्यान झालं, समोर आंबेवाले, मासळीवाले, निवृत्त तलाठी, चटईवर पोरंसोरं, आणि मी मोरीचं उदाहरण देत होतो. लोक हसत होते, माना डोलवत होते. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, वजन केलात ता बरा केलात, पन काटा खंय ठेवलात?" सगळं वाचनालय हसलं. मीही हसलो. मला माहीत होतं काटा कुठे ठेवला होता ते.

नाही — थांबा. हे पुढे सांगतो. क्रमाने सांगितलं नाही तर मी पुन्हा पळवाट काढीन.

फरहाना त्या व्याख्यानाला आली होती. आरे-वारेच्या अलीकडच्या एका गावातली मुलगी, आमच्याच कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. वडील, हुसेनभाई, मस्कतच्या बंदरात क्रेन चालवायचे, दोन वर्षांतून एकदा रजेवर यायचे. घरात आई आणि दोन धाकट्या बहिणी. वर्गात ती फारशी बोलायची नाही, पण प्रश्न विचारला की तो असा नेमका असायचा की मी फळ्याकडे वळून थोडा वेळ काढायचो. व्याख्यान संपल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, मला हेच करायचंय." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कुणाच्या चेहऱ्यावर माझ्यामुळे आलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या मुलाच्याही नाही.

दोन हजार साली तिने माझ्याकडे पीएच.डी.ला नाव नोंदवलं. मला गाईड म्हणून नुकतीच मान्यता मिळाली होती. ती माझी पहिली विद्यार्थिनी. शेवटचीही. तिचा विषय काय असावा असं वाटतं तुम्हाला? माझाच ताल. त्याच दीर्घिकेची नवी निरीक्षणं घ्यायची, त्यात तो ताल शोधायचा, वर्षागणिक तो बदलतो का ते बघायचं. बदलला तर तबकडीच्या आतलं ते जे काही आहे ते विवराकडे सरकतंय असं ठरलं असतं. सुंदर विषय होता. अजूनही मला तो सुंदर वाटतो, यातच काय ते आलं.

आमच्याकडे एक खोली होती, त्यात दोन कॉम्प्युटर. एक चालायचा. लाईट जायचे, मग ती खिडकीशी बसून कागदावर आकडेमोड करायची, लाईट आले की परत मशीनवर. सकाळच्या एसटीने यायची, संध्याकाळच्या एसटीने जायची. डब्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. माझ्यासाठी एक घास बाजूला काढून ठेवायची, कारण मला जवळा आवडतो हे तिला कळलं होतं. मी तो दररोज खाल्ला. पुढे सगळं कळल्यावरसुद्धा खाल्ला.

तिला ताल सापडेना. पहिले काही महिने मी म्हटलं, सापडेल, घाई नको. मग म्हटलं, तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी चूक असेल. तिने प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. मग पुन्हा. जुनी निरीक्षणंही, माझीच, पुन्हा मोजायला घेतली, कारण त्यात तर ताल असायलाच हवा होता ना? तर तिथेही नाही. ती घाबरली. माझ्या आकड्यांवर तिने एकदाही शंका घेतली नाही. स्वतःवर घेतली.

आणि मग ते चित्र आलं. त्याच सुमारास नवी, फार तीक्ष्ण नजरेची क्ष-किरण दुर्बीण वर गेली होती. तिने टिपलेलं त्या भागाचं चित्र पुण्याच्या एका ओळखीच्याने मला ईमेलवर पाठवलं, सहज, तुझी दीर्घिका बघ कशी दिसते म्हणून. दुपारची वेळ होती, फरहाना लायब्ररीत गेली होती. आमचं फोनच्या तारेवरचं इंटरनेट खुरडत खुरडत ते चित्र उतरवून घेत होतं, वरून खाली, एकेक ओळ. माझी दीर्घिका आली. छान गोल, प्रखर. मग तिच्या खाली, जरा डावीकडे, आणखी एक ठिपका आला. बारीक, पण स्पष्ट. तारा. आपल्याच आकाशगंगेतला, जवळचा, कुठलातरी यःकश्चित तारा. जुन्या दुर्बिणीच्या धुरकट चित्रात तो दिसतच नव्हता.

तो बरोबर माझ्या दुसऱ्या वर्तुळात होता. माझ्या रिकाम्या आभाळात.

मला समजायला किती वेळ लागला असेल? काहीच नाही. क्ष-किरणांत चमकणारे तसले तारे ठरावीक वेळाने उजळतात आणि मंदावतात, ते प्रसिद्धच आहेत त्यासाठी. तो तारा उजळला की मी दीर्घिकेतून जास्त वजा करत होतो, दीर्घिका मंद दिसायची. तो मंदावला की कमी वजा करत होतो, दीर्घिका प्रखर. ताल त्या ताऱ्याचा होता. तबकडीच्या काठाशी काहीही घिरट्या घालत नव्हतं. मी कृष्णविवर तोललंच नव्हतं. मी चित्र बंद केलं. मग उघडलं. मग पुन्हा बंद केलं आणि पंख्याखाली बसून राहिलो.

आता तुम्ही म्हणाल, चूक कुणाच्या हातून होत नाही? खरं आहे. आमच्या धंद्यात तर चुका कबूल करायची रीतसर सोय आहे. त्याच नियतकालिकाला अर्ध्या पानाची दुरुस्ती पाठवायची — आमच्या पार्श्वभूमीत एक चल तारा होता, निष्कर्ष मागे घेत आहोत, कळावे. लोक वाचतात, मान हलवतात, पान उलटतात. कुणी फासावर देत नाही. पदवीही काढून घेत नाही. अर्धं पान! आणि माझ्या मनात काय आलं? स्टँडवरचे हार आले. पुण्याची ती पोरं आली. परत 'काका' म्हणतील हे आलं. फरहाना आली का मनात? आली. सर्वांत शेवटी आली.

मी गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या पाठवू, दिवाळीनंतर पाठवू, वार्षिक परीक्षा होऊन जाऊ देत. आपण स्वतःला कसं गोंजारतो ते तुम्हालाही माहीत असेलच.

एके दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिला जवळजवळ सापडलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. म्हणाली, "सर, एक विचारू? तुम्ही रिकामं आभाळ नक्की कुठलं घेतलं होतंत? निबंधात फक्त 'दीर्घिकेजवळचं' एवढंच आहे." यापेक्षा योग्य प्रश्न जगात कुणी विचारला नसता. तिला उत्तर मिळालं असतं तर तिने तिथे वर्तुळ काढलं असतं, ताल आला असता, मग माझ्याकडे आलेल्या नव्या चित्रात तिथेच बसलेला तारा तिला दिसला असता. दुपारच्या जेवणाआधी सगळं संपलं असतं. तिचा प्रबंधही त्यावर उभा राहिला असता, गाईडची चूक पकडणारी मुलगी म्हणून नाव झालं असतं. ते तिचं होतं. तिने कमावलं होतं.

मी म्हणालो, "उत्तरेला."

वर्तुळ दक्षिणेला होतं. मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, पेन्सिलने कागदावर काढूनही दाखवलं, इतकं अंतर, एवढा आकार. ती कागद घेऊन गेली. संध्याकाळी जाताना म्हणाली, "नाही आला सर. माझंच काहीतरी चुकतंय." मी म्हटलं, "बघ पुन्हा एकदा." आणि तिला एसटी चुकेल म्हणून घाईही केली.

बराच काळ गेल्यावर ते तीक्ष्ण चित्र सगळ्यांसाठी खुलं झालं आणि तिलाही मिळालं. मी त्या दिवसाची वाट बघत होतो — भीतीने की आशेने, ते आजही मला सांगता येत नाही. तिने ते पडद्यावर लावलं, मला बोलावलं. "सर, इथे खाली एक तारा दिसतोय. आधीच्या चित्रात नव्हता." तिचं बोट त्याच्यावर होतं. बोट! मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "असेल. आपल्याला त्याच्याशी काय करायचंय? आपलं आभाळ उत्तरेचं." तिने मान हलवली आणि चित्र सरकवून उत्तरेकडे नेलं.

वर मी असं भासवलं की मूळ चूक माझ्या नकळत झाली. बघा, तुमच्याशीही खोटं बोललो. म्हणजे ताऱ्याचं मला माहीत नव्हतं हे खरं. पण पुण्याला असताना मी काही एकच वर्तुळ काढलं नव्हतं. उत्तरेला काढलं होतं, पूर्वेला काढलं होतं, पश्चिमेलाही. तिथे ताल नव्हता. असलाच तर मला हवा म्हणून होता. दक्षिणेला काढलं तेव्हा तो स्वच्छ आला, आणि मी म्हणालो, हेच खरं रिकामं आभाळ. बाकीची वर्तुळं पुसून टाकली आणि गाईडना त्यांच्याबद्दल बोललो नाही. मालगुंडला तो म्हातारा काटा कुठे ठेवलात म्हणाला तेव्हा मी हसलो ते याच्यामुळे. फरहानाने निदान सगळीकडे वर्तुळं काढायला हवी होती असं तुम्हाला वाटेल. तिने काढली असती हो. पण सरांनी कागदावर काढून दिलं होतं ना! कोकणात आमची मुलं अशीच वाढतात. मास्तरांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. त्याचा मला फायदा झाला.

ती हळूहळू बोलेनाशी झाली. वर्गातला तो नेमका प्रश्न गेला. आधी म्हणायची, "सर, हे असं का?" नंतर म्हणू लागली, "सर, मला वाटतं, पण चुकत असेन." दोन आकड्यांची बेरीज कागदावर पडताळून बघायची, मग पुन्हा मशीनवर. एकदा मी खोलीत शिरलो तर ती कॉम्प्युटर बंद करून नुसती समोर बसली होती, लाईट असताना. मला बघून उठली आणि उगाच टेबल पुसायला लागली. त्या दिवशी सांगायचं होतं मी. दार लावून घेतलं, खुर्ची ओढली, आणि तिला विचारलं की घरी सगळं बरं आहे ना.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात हुसेनभाई रजेवर आले. आमच्या घरी आले, बरोबर फरहाना. मस्कतहून आणलेला खजुराचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी. उन्हाने रापलेला, सरळ ताठ माणूस. खुर्चीवर अगदी काठाशी बसले. चहा झाला, आंब्याचं यंदा कसं काय ते झालं. मग म्हणाले की फरहानाला एक स्थळ आलंय. मुलगा दोह्याला असतो, माणसं चांगली आहेत, पण लग्न करून लगेच तिकडे जावं लागेल, अभ्यास सुटेल. "आमाला काय त्यातला कळत नाय, सर," ते म्हणाले. "माजी बायको बोलते करून टाका. मी बोललो, सरांस इचारल्याबिगर नाय. पोरीचा होनार असेल तर मी आनखी पाच वर्सा क्रेनवर काढीन. स्थळास नाय बोलीन. तुमी बोलाल तसा."

ऐकलंत? तो माणूस पाच वर्षं घेऊन आला होता. माझ्या बैठकीच्या खोलीत, खजुराच्या डब्याशेजारी त्याने ती ठेवली होती. मी फक्त 'होईल' म्हणायचं होतं. खरं सांगायचंही नव्हतं! तारा, वर्तुळ, काही नाही. नुसतं 'तुमची मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे, विषय बदलून देतो' म्हटलं असतं तरी ती वाचली असती.

पण ती राहिली असती तर आज ना उद्या दक्षिणेला वर्तुळ काढणारच होती. मला ते माहीत होतं. तिच्या बोटाने तो तारा एकदा दाखवला होता. चोराच्या मनात चांदणं. ती गेली तर तो प्रश्न तिच्याबरोबर दोह्याला जाणार होता. हे मी तेव्हा असं शब्दांत मांडलं नव्हतं, पण मला ते ठाऊक होतं, जसं अंधारात आपल्याच घराची पायरी पायाला ठाऊक असते.

मी म्हणालो, "हुसेनभाई, मुलगी गुणी आहे. कष्टाळू आहे. पण संशोधन प्रत्येकाला जमतंच असं नाही."

त्यांना नीट कळलं नाही. पुढे वाकून विचारलं, "म्हंजे? हिला नाय जमायचा?"

फरहाना माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "नाही जमणार."

तिला धक्का बसला असता तर बरं झालं असतं. ती रडली असती, भांडली असती, उठून गेली असती तर! तिने फक्त मान हलवली, हळू, दोनदा, आपल्याला आधीच माहीत असलेलं कुणी मोठ्याने वाचून दाखवावं तशी. हुसेनभाईंनी माझे आभार मानले. स्पष्ट सांगितलंत, बरं झालं, म्हणाले. ते गेल्यावर आतून बायको आली आणि मला विचारलं, "खरंच काही नाही का रे तिच्यात?" मी म्हटलं, "नाही." खजूर आम्ही महिनाभर खात होतो.

पुढच्या वर्षी बाहेरच्या कुठल्याशा गटाने तो तारा शोधला. त्यांच्या निबंधात माझं नाव एका ओळीत आहे, सभ्य भाषेत — आधी नोंदवलेला ताल हा दीर्घिकेचा नसून शेजारच्या ताऱ्याचा असावा. बस. पुण्याच्या गाईडनी फोन केला. "अरे, होतं असं, आपल्याला त्या दुर्बिणीत कसा दिसणार होता तारा!" म्हणाले, हसले, आणि विषय बदलला. रत्नागिरीत कुणाला काही कळलं नाही. ज्याच्या भीतीने मी हे सगळं केलं ते घडलं, आणि घडलं म्हणजे हे एवढंच घडलं. कॉलेजात मी पुढच्या हुद्द्यावरही चढलो. फरहानाला तेव्हा दोह्याला एक फोन करता आला असता. नंबर हुसेनभाईंच्या घरून सहज मिळाला असता. मी दोनदा त्यांच्या गावच्या एसटीत बसलोही. एकदा अलीकडेच उतरलो. दुसऱ्यांदा गावापर्यंत गेलो, टपरीवर चहा प्यालो आणि त्याच गाडीने परत आलो.

ती मला भेटली ती त्यानंतर चारेक वर्षांनी, मांडवीला, संध्याकाळी. मी फिरायला गेलो होतो. समोरून ती येत होती, बरोबर नवरा. सुट्टीवर आली होती. अंगाने जरा भरली होती. मी दुसरीकडे वळणार होतो, खोटं कशाला बोलू, पण तिने हाक मारली. "सर!" आवाजात तोच आनंद, वाचनालयातला. नवऱ्याला म्हणाली, "हेच माझे सर." तो मोठ्या आदराने म्हणाला, "तुमच्याबद्दल फार सांगते ही." मी विचारलं, काय करतेस. ती म्हणाली घरीच असते, दोह्यात शेजारच्या मुलांची गणितं घेते. "पाचवीपर्यंतचीच हं सर," असं म्हणून हसली. "त्याच्यापुढे माझं चुकतं."

मग नवरा शेंगदाणे घ्यायला गाडीकडे गेला तेव्हा ती जरा जवळ आली. पदर नीट केला. तिला हे कधीपासून बोलायचं होतं ते दिसत होतं. म्हणाली, "सर, एक मनात राहून गेलं. तुमची तीन वर्षं माझ्यापायी वाया गेली. दुसरी कुणी हुशार मुलगी घेतली असतीत तर तुमचं काम पुढे गेलं असतं. मला माफ करा."

समुद्र होता, माणसं होती, शेंगदाणेवाला पितळी वाजवत होता. तोंड उघडायला मला पुरता वेळ होता. तिचा नवरा अजून पैसे देत होता.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे गं. मी कधीच मनात ठेवलं नाही."